खुराडं केवढं हवं?

"मला पाच-सहा कोंबड्या हव्यात," असं आईने फेब्रुवारीत फोनवर सांगितलं. त्यानंतर मे उजाडेपर्यंत 'खुराडं केवढं बांधायचं' ह्या एका विषयावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. नातेवाईक मंडळींना घरची परिस्थिती ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आई एकाहत्तर वर्षांची, राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात एकटी राहते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. दादा डोंबिवलीत, मी पुण्यात. आईचे गुडघे दुखतात, एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ती कुणाचंही ऐकत नाही.

दादाने दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एका तयार खुराड्याचा फोटो टाकला. हिरवा रंग, लोखंडी जाळी, खाली चाकं, वर पत्र्याचं छप्पर. चार फूट बाय तीन फूट. जाहिरातीत ठसठशीत लिहिलेलं, '१५ कोंबड्यांसाठी'. काकांचं म्हणणं अगदी उलट. त्यांच्या मते एवढी जागा पडून आहे तर शंभर पक्ष्यांची शेडच घालावी, सकाळ-संध्याकाळ दाणा टाकायचा, बाकी काही काम नसतं. (काकांनी आयुष्यात कोंबडी फक्त ताटात पाहिलेली आहे, हे त्यांनाही मान्य आहे.) आईला विचारलं तर म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा. जोतं मात्र चिऱ्याचं हवं."

त्या चिऱ्याच्या जोत्याकडे तेव्हा आम्ही कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मी मोजमापाच्या मागे लागले. हिशेबाची कामं आपोआप माझ्याकडे येतात. कोंबडीला किती जागा लागते ह्याचं उत्तर विचाराल त्याच्याकडे वेगळं मिळतं आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळी उत्तरं आपापल्या जागी बरोबर असतात. आपल्याकडे तुसाच्या गादीवर अंड्यांच्या कोंबड्या ठेवणारे पक्ष्यामागे साधारण दोन चौरस फूट धरतात. परदेशात घरामागे हौसेने कोंबड्या पाळणारे लोक आत चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा चौरस फूट म्हणतात. आमच्या शेजारची काकी म्हणते, "मावतात तेवढ्या." ही तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. काकीच्या कोंबड्या उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मागीलदारी, गडग्यावर, फणसाखाली हिंडतात आणि खुराड्यात फक्त झोपायला येतात. झोपलेल्या कोंबडीला जमीन लागतच नाही, बसायला दांडी लागते. दांडीवर एकीला आठ-दहा इंच मिळाले की काम झालं. म्हणजे कोंबड्या किती ह्याच्या आधी, त्या दिवसाचे किती तास आत कोंडलेल्या असणार, हे विचारायला हवं.

आणि इथे आमच्या कोकणाचा पाऊस आडवा येतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. आषाढातली झड लागली की चार-चार दिवस कोंबडी बाहेर पडत नाही. पडली तर अंगणाच्या कडेला पागोळ्यांखाली एका पायावर असं तोंड करून उभी राहते की तिचंच घर जप्तीत गेलंय. खुराड्याचं माप घ्यायचं ते ह्या दिवसांत. माघातल्या लख्ख सकाळी कुठलंही खुराडं प्रशस्तच दिसतं, कारण ते रिकामं असतं! बर्फाच्या देशातले लोक चार फूट का म्हणतात तेही मला तेव्हा कळलं. त्यांच्याकडे हिवाळा असतो, आपल्याकडे आषाढ.

बंद खुराड्यात ओल आणि विष्ठा एकत्र आली की अमोनिया सुटतो. हे तपासायला उपकरण लागत नाही. आत जाऊन कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसायचं आणि दोन श्वास घ्यायचे. डोळे चुरचुरले तर एक तर ओल जास्त आहे, नाही तर कोंबड्या जास्त आहेत. उभ्या माणसाला हा वास जेमतेम येतो, त्यामुळे मालक म्हणतो सगळं छान आहे आणि कोंबड्या शिंकत बसतात.

दादाच्या त्या हिरव्या पेटीचा हिशेब मी एका रात्री मांडला. चार बाय तीन म्हणजे बारा चौरस फूट. भागिले पंधरा. एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ७४३ चौरस सेंटिमीटर. समजा छपाईचा ए-फोर कागद जमिनीवर ठेवला, त्याच्याहून हातभर नव्हे, बोटभर मोठं. युरोपात अंड्यांच्या कोंबड्यांचे जुने ओकेबोके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले आणि त्यांच्या जागी जे सुधारलेले पिंजरे चालतात त्यांत कोंबडीमागे किमान ७५० चौरस सेंटिमीटर द्यावे लागतात. म्हणजे 'घरच्या मोकळ्या कोंबड्या' म्हणून विकलं जाणारं हे खुराडं कारखान्यातल्या पिंजऱ्याच्याही सात चौरस सेंटिमीटर मागेच! मी हे आकडे ग्रुपवर टाकले. दादाने अंगठा दाखवला. सहमतीचा की नुसताच, ते कळलं नाही. :)

दाटीचं आणखी एक असतं, ते मी काकीच्या खुराड्यात लहानपणापासून पाहिलंय. काकीकडे एक कोंबडी होती, तिच्या मानेवर पीस म्हणून नाही. आम्ही तिला 'बोडकी' म्हणायचो. बाकीच्या येता-जाता तिला टोचायच्या. दाणा टाकला की ही सगळ्यात शेवटी. थॉर्लिफ श्येल्डेरुप-एबे नावाच्या एका नॉर्वेजियन माणसाने लहान वयापासून घरच्या कोंबड्यांची अशी टोचाटोची टिपून ठेवली होती आणि पुढे १९२१ साली त्यावरच प्रबंध लिहिला. कोण कुणाला टोचते ह्याची उतरंड ठरलेली असते, पहिली सगळ्यांना टोचते आणि शेवटची सगळ्यांकडून खाते, हे त्याने दाखवलं. आज ऑफिसांतून 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात ती इथूनच आली. उतरंड कुठल्याही कळपात असणारच, मोठ्या जागेतसुद्धा. पण मोकळी जागा असली की शेवटच्या कोंबडीला चार पावलं बाजूला सरता येतं. एकदा टोचून घेतलं, बाजूला झाली, विषय संपला. जागा नसली की ती कोपऱ्यात अडकते, रक्त दिसतं आणि रक्त दिसलं की कोंबड्या थांबत नाहीत. सरासरीने मोजलेले चौरस फूट ह्या शेवटच्या कोंबडीला काही सांगत नाहीत. तिच्यासाठी बघायचं ते एवढंच, की दाण्याची भांडी दोन आणि एकमेकांपासून लांब आहेत का आणि पळायला कोपऱ्याव्यतिरिक्त दुसरी दिशा आहे का.

आता आमचं जुनं खुराडं. मावशी, तुला ते आठवत असेल. पडवीच्या जोत्यातच, चिऱ्याच्या पोकळीत केलेलं, दोन फुटांची उंची, समोर एक फळी सरकवायची आणि तिला दगड लावायचा. आत खोली बरीच होती, पार भिंतीपर्यंत. कोंबड्या शहाण्या, अंडी घालायच्या ती नेमकी मागच्या कोपऱ्यात. ती काढायला घरातलं सगळ्यात लहान मूल आत सरपटत जायचं. आधी आत्या जायची म्हणे, मग दादा, मग मी. आत काळोख, अंगाला तूस चिकटलेलं, डोक्याला कौलाच्या बुडातली जळमटं आणि हाताला लागणारं ते गरम अंडं. मी चौथीत असताना एकदा खांद्याशी अडकले आणि त्या दिवसापासून माझी नोकरी सुटली. माझ्यामागे घरात लहान कुणी नव्हतं. बाबा लांब काठीला नारळाची करवंटी बांधून अंडी ओढायचे, त्यातली निम्मी फुटायची. दोन-तीन वर्षांत कोंबड्या संपल्या आणि त्या पोकळीत सरपण राहायला गेलं.

हे आठवलं तेव्हा मला सगळा गुंता सुटल्यासारखा वाटला. त्या खुराड्याला माप होतं, पण ते कोंबड्यांचं नव्हतं. घरात एक सहा वर्षांचं मूल कायम असणार असं धरून ते बांधलं होतं. आता घरात आहे ती एकाहत्तर वर्षांची, पाच फूट उंचीची, गुडघ्यात न वाकणारी बाई. तेव्हा माप तिचं घ्यायला हवं.

मे महिन्यात गावी गेले ती टेप घेऊनच. आईला अंगणात उभं केलं आणि हात पुढे कर म्हटलं. "शिंपी झालीस काय गो?" असं म्हणत तिने केला. हातात खराटा धरून, न वाकता, न ओढता, तिचा हात अडीच फुटांच्या पुढे पोचत नाही. ह्याचा अर्थ, बाहेर उभं राहून साफ करायचं खुराडं असेल तर त्याची खोली अडीच फुटांपेक्षा जास्त चालणार नाही. त्यापेक्षा खोल हवं असेल तर मग ती सरळ उभी राहून आत जाईल एवढं उंच हवं. ह्या दोन्हींच्या मधलं, म्हणजे चार फूट उंच आणि चार फूट खोल, असं खुराडं सगळ्यात वाईट. माणूस ना आत जाऊ शकतो ना बाहेरून पोचू शकतो आणि बाजारात दिसतात ती बहुतेक नेमकी ह्याच मापाची. साफ होत नाही ते खुराडं कितीही मोठं असलं तरी लहानच.

मग आठ कोंबड्या आणि एक कोंबडा असं धरलं. (पाच-सहाचे आठ कधी झाले ते विचारू नका. आईच्या तोंडी पाच-सहा म्हणजे आठ, हे घरातल्या जेवणावळींवरून सगळ्यांना माहीत आहे.) नऊ पक्षी, प्रत्येकी चार चौरस फूट, छत्तीस. सहा बाय सहाची खोली. समोर साडेसहा फूट उंच, मागे उतार. बसायला नऊ-नऊ इंच म्हणजे पावणेसात फूट दांडी लागते, सहा फुटांत ती मावत नाही, म्हणून दोन बांबू. दोन्ही एकाच उंचीवर, नाहीतर सगळ्यांना वरचाच हवा असतो आणि रोज संध्याकाळी मारामारी. अंड्यांसाठी फूटभराची दोन खोकी, आईच्या कमरेच्या उंचीला, बाहेरून झाकण उघडून हात घालता येईल अशी. चार-पाच कोंबड्यांना एक पुरतं. खरं तर आठांनाही एकच पुरतं असं आता दिसतंय, कारण दुसऱ्यात कुणी पाय ठेवत नाही. एकीचं होईपर्यंत बाकीच्या बाहेर रांग लावून ओरडतात.

खाली सिमेंटचा कोबा, कारण घुशी. त्यावर भाताचं तूस, चार बोटं जाड. जाळी अर्ध्या इंचाची, कारण मोठ्या षट्कोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. जाळीची बाजू पूर्वेला, छप्पर तिथे दोन फूट पुढे, पाऊस पश्चिमेकडून मारतो म्हणून तिकडे भिंत. छपराखाली मात्र सगळीकडे वीतभर फट जाळी मारून मोकळी ठेवली. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा पंखा. वैशाखातल्या रात्री बंद पेटीत दाटीवाटीने बसलेल्या कोंबड्यांचं काय होत असेल, ते त्या हिरव्या पेटीवाल्याला विचारायला हवं. पत्र्यावर आम्ही झापं टाकली.

आता काकांच्या शंभर कोंबड्या. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, एकच हिशेब पुरे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. शंभर म्हणजे रोज अकरा-बारा किलो खाद्य, त्याचं पोतं बाजारातून आणणं, उचलणं, उंदरांपासून जपणं आणि दुसऱ्या टोकाने जे बाहेर पडतं ते उचलणं. नऊंना किलोभर पुरतं आणि त्यातलंही बरंचसं त्या मागीलदारी स्वतःच शोधतात. काका म्हणाले, बाई ठेवू. आई म्हणाली, "म्हणजे बाईला पण मीच सांभाळायची."

एवढं सगळं कागदावर नीट बसल्यावर दादाचा फोन आला. त्याला चौरस फुटांशी भांडण नव्हतं. तो म्हणाला, "अगं, चिऱ्याचं जोतं कशाला? दोन वर्षांनी आई इकडे आली की त्याचं काय करायचं? चाकांचं असलं तर कुणाला तरी देऊन टाकता येईल."

मी गप्प बसले. गेल्या दिवाळीत आई वीस दिवस डोंबिवलीला होती. वहिनीने तिचं सगळं केलं, कुठे कमी पडू दिलं नाही. तरी ती रोज दुपारी गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची कबुतरं मोजायची. जाताना दादा म्हणाला, आता पुढच्या खेपेला राहायलाच ये. आई नाही म्हणाली नाही. तिने फेब्रुवारीत कोंबड्या मागितल्या. जनावर दारात असलेल्या बाईला 'चल' म्हणता येत नाही, हे कोकणात कुणालाही सांगावं लागत नाही. "कोंबड्या कोण बघणार?" हे उत्तर आमच्या आजीनेही आयुष्यभर वापरलं, कधी गुरांचं नाव घेऊन, कधी कोंबड्यांचं.

पण एकटीने राहणाऱ्या बाईला डॉक्टरकडेही जावं लागतं. म्हणून मी दादाला आणि आईला, दोघांना एकच माप सांगितलं. जेवढ्या कोंबड्या काकी पंधरा दिवस, आपलं घर सांभाळून, कुरकुर न करता बघेल तेवढ्याच. मी काकीला जाऊन विचारलं. तिने आधी मला चहा दिला, मग म्हणाली, "दहापर्यंत कळायच्या नाहीत. वीस असल्या तर मला मजुरी देशील काय?" त्यावर आकडा कायम झाला. आईला जोतं चिऱ्याचं मिळालं आणि दादाला तिच्याकडून एक वचन मिळालं, की दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन डोंबिवलीत करून घेईन आणि त्यासाठी कोंबड्यांचं कारण सांगणार नाही.

गवंड्याने चार दिवसांत काम संपवलं. आईने चार गावठी तलंगा काकीकडून घेतल्या आणि चार ग्रामप्रिया आणल्या. पावसाळा कसा जातो ह्याची मला धास्ती होती. आषाढात सलग पाच दिवस त्या आतच होत्या. आई रोज सकाळी आत जाऊन दाताळ्याने तूस वरखाली करायची, ओलं झालेलं सुपात काढून माडांच्या आळ्यात टाकायची, वर कोरडं घालायची. सरळ उभं राहून, दहा मिनिटं. जुलैत मी गेले तेव्हा आत उकिडवं बसून दोन श्वास घेतले. तुसाचा आणि पावसाचा वास आला. ग्रामप्रियांतली एक पांढरी जरा दबून असते, पण ती दुसऱ्या बांबूच्या टोकाला जाऊन बसते आणि तिला तिथे कुणी त्रास देत नाही. सकाळी दहाच्या आत बहुतेकींची अंडी घालून होतात, म्हणून आई दहानंतरच दार उघडते. आधी सोडलं तर त्या कुठल्याशा झुडपात घालून येतात आणि ती अंडी आयती मुंगसाच्या पोटात.

नोव्हेंबरात आई कबूल केल्याप्रमाणे डोंबिवलीला गेली. ऑपरेशन छान झालं. रोज संध्याकाळी काकीला व्हिडिओ कॉल, आणि काकीला फोन नीट धरता येत नसल्यामुळे आई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पंधरा दिवस काकीचा कान बघत होती. परत आली तर काकीने खुराड्याच्या भिंतीवर कोळशाने अंड्यांच्या रेघा मारून ठेवलेल्या. बावन्न. ठरल्याप्रमाणे निम्मी काकीची. शिवाय एक गावठी कोंबडी खुडूक झाली म्हणून काकीने आपल्या अकलेने तिच्याखाली दहा अंडी ठेवली होती, आईला न विचारता. एकविसाव्या दिवशी त्यातून सात पिल्लं निघाली.

म्हणजे आता सोळा. छत्तीस भागिले सोळा, सव्वादोन. पिल्लं लहान आहेत, रात्री आईबरोबर डालग्याखाली असतात, तेव्हा तूर्त काही अडत नाही. आईचा हिशेब तयार आहे. त्यातले कोंबडे शिमग्याला चाकरमानी येतील तेव्हा वड्यांबरोबर जातील, तलंगांतल्या दोन काकीला. उरलेल्यांचं काय, ते ती सांगत नाही. मी तिला पुन्हा एकदा चार चौरस फुटांचा नियम समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला.

काल दादाने ग्रुपवर विचारलंय, पूर्वेच्या बाजूला आणखी तीन फूट वाढवायचं तर किती चिरे लागतील.